१५०० मिमी पाऊस पडूनही सेराडोत सव्हानाच का?

प्रश्न (गवतकाडी):
सव्हानात, म्हणजे विरळ झाडांच्या उष्ण गवताळ प्रदेशात, पाऊस कमी म्हणून झाडं विरळ, असं क्रमिक पुस्तकांत छापलेलं असतं. पण ब्राझीलच्या सेराडोत वर्षाला साधारण १२०० ते १८०० मिमी पडतो. एवढ्यात दाट पानझडी जंगल सहज उभं राहायला हवं. मग झाडं अडतात कुठे? पाण्यावर, मातीवर की आगीवर?

पर्जन्यमापक:
आधी वर्गीकरणाचं बघू. कोपेनच्या हवामान-वर्गीकरणातला 'एडब्ल्यू' (सव्हाना हवामान) प्रकार नुसत्या वार्षिक पावसावरून ठरत नाही. बाराही महिन्यांचं सरासरी तापमान किमान १८ अंश हवं. शिवाय सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस ६० मिमीपेक्षा कमी हवा आणि वार्षिक पावसाला २५ने भागून १००तून वजा केल्यावर जे उरतं, त्याहूनही कमी हवा. १५०० मिमीला ते ४० येतं. ४० ते ६०च्या मधे असेल तर मान्सून प्रकार. ब्राझिलियात जून-जुलैत जेमतेम पाच-दहा मिमी, म्हणजे वादच नाही.

पण हे हवामानाचं नाव झालं, झाडोऱ्याचं नव्हे. सेराडोतली कितीतरी झाडं पाऊस यायच्या आधीच पालवतात. खोलवरचा ओलावा मुळांना मिळतो म्हणूनच. कोरड्या हंगामात वाळतं ते उथळ मुळांचं गवत.

तांबडमाती:
मातीचा वाटा मोठा आहे. लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली, खोल, उत्तम निचऱ्याची तांबडी माती; सामू (पीएच) बहुधा ४ ते ५. इतक्या आम्लात ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं खुंटतात. स्फुरद (फॉस्फरस) ऑक्साइडांना घट्ट चिकटून बसतो, म्हणून नुसतं खत ओतून पिकाला फारसं लागत नाही. आधी चुना लागतो. चुना खाली झिरपत नाही, त्यामुळे खालच्या थरासाठी जिप्सम.

क्वालियासारखी स्थानिक झाडं मात्र ॲल्युमिनियम चक्क पानांत साठवतात. आणि त्याच हवामानात चुनखडीच्या सुपीक जागी पानझडी जंगल येतं, ओढ्याकाठी सदाहरित. नुसत्या पावसाला दोष देता येत नाही तो यामुळेच.

वणवा:
माती वाढ मंदावते, पण रोपाला खाली दाबून ठेवते ती आग. ज्वाळेच्या उंचीखालचं रोप वरून जळतं, बुडख्यातून फुटतं, पुन्हा जळतं. दोन वणव्यांमधे पुरेशी वर्षं मिळाली तरच शेंडा ज्वाळेच्या वर जातो आणि साल पुरेशी जाड होते. सालीआडचा जिवंत थर ६० अंशांच्या आसपास मरतो आणि तिथवर उष्णता पोचायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साल दुप्पट, तर वेळ चौपट. जंगलातली पातळ सालीची झाडं इथे टिकत नाहीत ती त्यामुळे.

हंगामाच्या सुरुवातीची आग गवत अर्धवट ओलं असल्याने ठिगळाठिगळांत जळून विझते. अखेरची आग सगळं साफ करते. झाडांची खरी हानी तीच करते.

गवतकाडी:
म्हणजे आग थांबवली की सगळीकडे जंगल?

वणवा:
सेराडोत झाडोरा दाटतो, हो. सावली वाढली की सी-फोर गवत (भरपूर ऊन लागणारं उष्ण प्रदेशातलं गवत) मरतं, गवत गेलं की पुढची आग लागत नाही, आणि जागा जंगलाकडे कलते. त्यात सेराडोची खास गवतं आणि झुडपं जातात, म्हणून आग पूर्ण बंद करणं हा शहाणपणा नव्हे. आफ्रिकेत मात्र वर्षाला सुमारे ६५० मिमीच्या खाली पाऊसच मर्यादा घालतो. तिथे आग रोखूनही झाडांचं छत सलग होत नाही.

तांबडमाती:
शिवाय टांझानियातल्या सेरेंगेटीच्या आग्नेय मैदानांचं कारण वेगळंच. ज्वालामुखीची राख, सुपीक माती, पण थोड्याच खोलीवर चुन्याचा टणक थर. झाडाची मुळं तिथेच अडतात. तिथे आग हा गौण मुद्दा.