अनुभव धागा: पहिल्या तीन महिन्यांत डाग दिसला, पोटात दुखलं... पुढे काय झालं?

माझ्या धाकट्या जावेला आठव्या आठवड्यात लाल डाग दिसला आणि घरातल्या मोठ्या बायका म्हणाल्या, "उष्णता असेल, पडून राहा." अशा वेळी नेमकं काय बघायचं, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. मैत्रिणींनो, ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी लिहा. आधी काय जाणवलं, तपासणीत काय निघालं? डॉक्टरांची, दवाखान्याची नावं नकोत.

सातारा
मला तपकिरी डाग होता, दुखत अजिबात नव्हतं. सोनोग्राफीत ठोके व्यवस्थित दिसले. डॉक्टर म्हणाल्या, सुरुवातीला साधारण चारातल्या एकीला थोडंफार अंगावरून जातं आणि पुष्कळजणींचं सुखरूप पार पडतं. लेक आता शाळेत जाते. जावेला धीर द्या, पण तपासणी आजच करा.

पुणे
माझं उलट. रक्ताचा थेंब नाही. मळमळ एकाएकी थांबली, छाती दुखायची थांबली. बाराव्या आठवड्याच्या सुमारास मळमळ आपोआपही कमी होते, त्यामुळे शंका आली नाही. नेहमीच्या सोनोग्राफीत ठोकेच नव्हते. खात्रीसाठी आठवड्याने पुन्हा पाहिलं, मग गर्भ पडून जाण्यासाठी गोळ्या दिल्या. कळा पाळीपेक्षा कितीतरी जोराच्या होत्या, गाठी पडल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तासाला दोन पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास तसंच चाललं, तर रात्र बघू नका, निघा." ताप आला किंवा स्रावाला घाण वास आला तरी लगेच यायला सांगितलं होतं. हे घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण त्या वेळी आपल्याला भान नसतं.

सोलापूरजवळचं गाव
रक्त अगदी थोडं, पण ओटीपोटात एकाच बाजूला असह्य दुखत होतं. खांदाही दुखायला लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली. आशाताईंनी चेहरा बघूनच १०८ ला फोन लावला. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत होता, नळी फुटली होती. रात्रीच ऑपरेशन झालं. पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो, हे नंतर कळलं. बायांनो, खांदादुखी आणि चक्कर असेल तर सकाळची वाट बघू नका!

नाशिक
रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. मला रक्तस्राव सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन दिलं, म्हणजे पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध माझ्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत.

परिचारिका, ग्रामीण रुग्णालय
"पपई खाल्ली", "स्कूटरवर बसली", "घागर उचलली" हे रोज ऐकते, आणि ऐकणारी पोर मान खाली घालून बसलेली असते. सुरुवातीला आपोआप होणाऱ्या गर्भपातांत निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तिच्या हातात काही नसतं. सासूबाईंना मी हे तिच्यासमोरच सांगते.

ठाणे
नोकरी करणाऱ्यांसाठी: १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा होती; नोव्हेंबर २०२५ पासून ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. आमच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा जुन्या कायद्याचं कलम ९ दाखवलं, डॉक्टरांचा दाखला जोडला, रजा मिळाली.