मदत हवी आहे: नवीन पुरावा कायद्याचं प्रशिक्षण, नाशिकमध्ये किंवा ऑनलाइन

नाशिक जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते, बहुतेक फौजदारी. एआयबीई (वकिलीसाठीची अखिल भारतीय बार परीक्षा) एकदा पास झालं की आपल्याला दरवर्षी अमुक तास शिका अशी सक्ती नाही, माझ्या सीए मैत्रिणीला मात्र सीपीईचे (व्यवसायात असताना शिकत राहण्याचे) तास भरावेच लागतात आणि खरं सांगते मला तिचा हेवा वाटतो. १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले (पुराव्याचा आता भारतीय साक्ष्य अधिनियम), बेअर अ‍ॅक्ट (कायद्याच्या मूळ मजकुराची पुस्तकं) घेतले, जुन्या-नव्या कलमांचा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, यूट्यूबवरची लेक्चर्स पण ऐकली पण ती सगळी इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या जुन्या कलम ६५ बी चं नव्या कायद्यात ६३ झालं एवढ्यावरच थांबतात. अडतंय ते प्रत्यक्ष कामात. पक्षकार मोबाईल पुढे करून व्हॉट्सअ‍ॅप चॅट दाखवतो, आता कलम ६३(४) च्या सर्टिफिकेटमध्ये भाग अ, भाग ब आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लागते, ती काढायची कशी आणि भाग ब वर सही करायला एक्स्पर्ट आणायचा कुठून?

आठवडाभर कोर्ट असतं, पुण्या-मुंबईला दर आठवड्याला जाणं जमणार नाही, फी परवडेल अशी हवी, मराठीत असेल तर उत्तमच. नुसतं सर्टिफिकेट नकोय, ड्राफ्टिंग हाताने करून घेणारं हवंय. शनिवार-रविवारचा असा कोर्स कुणी स्वतः केलाय का?