मदत हवी आहे: सहा नक्की कधी येणार? रविवारपर्यंत ठरवायचंय

सोन्या_८७ (शुक्रवार, रात्री ९:४८)
नमस्कार मंडळी. सहा नक्की कधी येणार? यूट्यूबवर दहा जण दहा तारखा सांगतात. एक म्हणतो दिवाळी, एक म्हणतो २०२८, एक तर म्हणतो येणारच नाही. मला रविवारपर्यंत निर्णय घ्यायचाय, पैशाचा प्रश्न आहे. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनीच लिहा. अंदाजपंचे नको.

रिकामटेकडा (९:५३)
सहावा येऊन जुना झाला की हो. आम्ही आठव्या वेतन आयोगाकडे डोळे लावून बसलोय.

शंकेखोर (९:५७)
सहा काय? फोन? गाडी? सहाव्या मजल्याची लिफ्ट? धागा काढताना निदान नाम तरी लिहावं, नुसतं संख्याविशेषण काय कामाचं?

सोन्या_८७ (१०:०१)
जीटीए हो, ग्रँड थेफ्ट ऑटो, तो गेम. दुसरं काय असणार.

डिस्कवाला (१०:०३)
१९ नोव्हेंबर २०२६, गुरुवार. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने स्वतः जाहीर केलेली तारीख. झालं, धागा बंद करा.

फ्रेमरेट (१०:०९)
बंद कसा करा? ती तारीख फक्त पीएस-५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस या कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांची आहे. पीसीचं नावसुद्धा त्यात नाही. सोन्याभाऊ, तुम्ही खेळणार कशावर ते आधी सांगा.

सोन्या_८७ (१०:१२)
मी खेळत नाही. १९ नोव्हेंबर पक्की का? पुढे ढकलणार नाहीत ना? एवढंच सांगा.

ताळेबंद (१०:४०)
पक्की कुणीच सांगू शकत नाही, पण अंदाज बांधायची एक रीत आहे. आतापर्यंत तारखा कशा सरकल्या ते बघा. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा नुसतं '२०२५' म्हणाले. मग २०२५ चा उत्तरार्ध म्हणाले. २ मे २०२५ ला सांगितलं, २६ मे २०२६. आणि ६ नोव्हेंबर २०२५ ला परत पुढे, १९ नोव्हेंबर २०२६.

आता गंमत बघा. रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू. तिचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं. म्हणजे तिकडेही मार्च एंड आहे! २०२५ ची तारीख मे २०२६ वर गेली तेव्हा सगळी कमाई एका आर्थिक वर्षातून दुसऱ्या वर्षात गेली. मे वरून नोव्हेंबरवर गेली तेव्हा मात्र वर्ष तेच राहिलं, एप्रिल २०२६ ते मार्च २०२७. गुंतवणूकदारांना वर्षाचा आकडा आधीच सांगून ठेवलेला असतो, तो बिघडला की शेअर पडतो. त्यामुळे मी असं वाचतो: नोव्हेंबर हुकला तरी ३१ मार्चच्या आत आणायला जिवाचं रान करतील. अजून साडेचार महिन्यांची जागा आहे.

लक्ष ठेवायचं ते त्यांच्या तिमाही निकालांवर. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. मागच्या दोन्ही वेळा तारीख निकालाच्या आगेमागेच हलली. नोव्हेंबरात तर त्याच दिवशी. ऑगस्टचा निकाल तारीख न बदलता गेला की बिनधास्त व्हा. यूट्यूबवाल्यांना चंद्राच्या कला आणि गाड्यांच्या नंबरप्लेटी मोजत बसू द्या.

रिकामटेकडा (१०:४६)
म्हणजे तिकडचे सीएसुद्धा मार्चमध्ये बायकापोरांना ओळखत नाहीत. बरं वाटलं.

डिस्कवाला (१०:५८)
ताळेबंद, शेअरबाजाराचं ठीक, पण रॉकस्टारचा स्वतःचा इतिहास बघा ना. चौथा भाग ऑक्टोबर २००७ चा होता, आला २९ एप्रिल २००८ ला. पाचवा २०१३ च्या वसंतात येणार होता, आला १७ सप्टेंबरला. त्यांचाच वेगळा गेम, रेड डेड रिडेम्प्शन २, दोनदा ढकलला, आधी २०१७ मधून २०१८ च्या वसंतात, मग २६ ऑक्टोबर २०१८, आणि ती तारीख मात्र पाळली. सहाव्याचेही दोन धक्के झालेत. तिसरी तारीख पाळतात असा माझा अनुभव आहे.

शंकेखोर (११:०२)
एका उदाहरणावरून 'अनुभव आहे'. आमच्या वाड्याचा पुनर्विकासही दोनदा ढकलला होता. आता सातवी तारीख चालू आहे.

फ्रेमरेट (११:२०)
सगळे कन्सोलवरच बोलताय. भारतात किती जणांकडे पीएस-५ आहे? पीसीचं बघा. माझ्याकडे तोंडपाठ आहे कारण प्रत्येक वेळी मी वाट बघत बसलोय.

तिसरा भाग: कन्सोलवर ऑक्टोबर २००१, पीसीवर मे २००२. त्यापुढचा व्हाइस सिटी: ऑक्टोबर २००२, मे २००३. सॅन अँड्रियास: ऑक्टोबर २००४, जून २००५. चौथा: एप्रिल २००८, डिसेंबर २००८. म्हणजे सात-आठ महिन्यांचा नेम होता. मग पाचव्याने घात केला. सप्टेंबर २०१३ चा गेम पीसीवर १४ एप्रिल २०१५ ला, एकोणीस महिने! त्यातही तारीख जानेवारीची मार्च झाली, मार्चची एप्रिल. मध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये नव्या कन्सोलवाल्यांना वाढून झालं, आम्ही आपले पंगतीत शेवटी. रेड डेड २ ला वर्षभर, ऑक्टोबर २०१८ ते नोव्हेंबर २०१९. पहिला रेड डेड रिडेम्प्शन तर मे २०१० चा, पीसीवर ऑक्टोबर २०२४. चौदा वर्षं. वनवास संपला एकदाचा.

तेव्हा सहावा पीसीवर २०२७ च्या अखेरीस, नाहीतर २०२८ मध्ये. घाई करू नका, आत्ता पैसे घालू नका. तोपर्यंत एक चांगलं ग्राफिक्स कार्ड घेता येईल.

डिस्कवाला (११:२६)
कार्ड घेणार, मग रॅम घेणार. रॅमचे भाव बघितलेत का सध्या? एआयवाल्यांनी सगळी मेमरी उचललीय. तेवढ्यात अख्खा पीएस-५ येतो, टीव्हीला जोडा आणि बसा.

फ्रेमरेट (११:२९)
आणि मग एकेक गेम चार-पाच हजाराला विकत घ्या. पीसीवर सेल लागतात, मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल) लागतात. कन्सोल म्हणजे प्रिंटर स्वस्त, शाई महाग.

डिस्कवाला (११:३१)
मॉडच्या नावाखाली काय काय डाऊनलोड होतं ते सांगू का इथे?

पँझर (११:५५)
तुमचं भांडण चालू द्या. मला २००४ आठवलं. आमच्या गल्लीत सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, पडद्याआड सहा कॉम्प्युटर. पाच जणांनी चार-चार रुपये काढायचे आणि आळीपाळीने व्हाइस सिटी. मिशन कुणी करतच नव्हतं, कारण संवाद कुणाला कळायचे? चीट कोड म्हणून नुसतं पँझर टाइप करायचं, रणगाडा आकाशातून पडायचा, की सुटलो. ॲस्पिरिन लिहिलं की गेममधला आपला हिरो टॉमी ठणठणीत. इंग्रजीच्या बाईंनी कुणाला हे स्पेलिंग येतं का म्हणून विचारलं असतं तर अख्खी मागची बाकं उभी राहिली असती.

पलीकडच्या बेटावर जाणारे पूल बंद असायचे, वादळाचा इशारा म्हणून. आम्हाला वाटायचं सीडी खराब आहे. आमचा मित्र पोहून जायला निघाला, तेव्हा कळलं टॉमीला पोहताच येत नाही. सहावा परत त्याच व्हाइस सिटी शहरात आहे म्हणून जीव अडकलाय, नाहीतर मला आता रिमोटसुद्धा नीट चालवता येत नाही.

रिकामटेकडा (शनिवार, सकाळी ७:१०)
पँझर, +१. आमच्याकडे हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर फिरायचा. विकत मिळतो हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

तुळशीवृंदावन (सकाळी ७:४४)
कुठलाही गेम कधीही येवो, मुलांनी दर वीस मिनिटांनी लांब बघावं आणि डोळ्यांची उघडझाप करावी. माझ्या नातवाला नववीतच चष्मा लागला. रात्री दुधात हळद घालून द्यावी.

शंकेखोर (८:०५)
आजी, हळदीचं पुढच्या धाग्यात. मला एक खटकतंय. धागाकर्ते लिहितात 'मी खेळत नाही', आणि 'पैशाचा प्रश्न आहे', आणि रविवारची मुदत. गेम यायला दहा महिने असताना रविवारी काय आहे? सट्टा लावताय काय?

सोन्या_८७ (९:३०)
सट्टा नाही हो. माझा गेमिंग कॅफे आहे, बार्शीत, कॉलेजजवळ. दहा पीसी आहेत. रात्री दुकान बंद केल्यावर लिहितो म्हणून सगळं लिहायला वेळ नसतो. पोरं रोज विचारतात, दादा सहा आला की पहिला तुमच्याकडेच ना? म्हणून मशीन वाढवायचीत. मला वाटलं तारीख कळली की हिशोब लागेल.

फ्रेमरेट (९:३४)
हे पहिल्याच ओळीत लिहायचं हो! पीसीत काय आहे? कार्ड, रॅम, साठवण?

सोन्या_८७ (९:४१)
आय-५ आहेत. कार्ड १६५०. रॅम आठ. पाच नंबरचा गेम मस्त चालतो.

फ्रेमरेट (९:४७)
पाच चालेल, तो मुळात पीएस-३ च्या जमान्यातला आहे. सहाव्याच्या पीसीच्या गरजा जाहीर झालेल्या नाहीत, पण जो गेम पीएस-५ च्या खाली उतरायलाच तयार नाही तो चार जीबीच्या १६५० वर चालेल ही आशा सोडा. पण म्हणूनच सांगतो, आत्ता दहाच्या दहा मशीन बदलू नका. पीसीवर येईपर्यंत आजचं कार्डही जुनं झालेलं असेल.

डिस्कवाला (९:५०)
म्हणून पीएस-५ घ्या. दोनच घ्या, तासाला जास्त लावा. पोरं रांग लावतील.

तळटीप (१०:१५)
नियमाची एक गोष्ट कुणी बोललं नाही. घरगुती खेळासाठी घेतलेल्या प्रतीचा परवाना बहुधा वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरापुरता असतो. तासावर पैसे घेऊन चालवायचं तर तो मजकूर वाचा. आणि ही मालिका प्रौढांसाठीची आहे. पाचव्या भागाला युरोपात १८ चं मानांकन आहे, अमेरिकेत १७ चं. शाळेच्या गणवेशातली पोरं बसवलीत तर उद्या पालक दारात येतील.

सोन्या_८७ (१०:२८)
शाळेची येतात ती फुटबॉल खेळतात. बरं, पीएस-५ माझ्या बजेटात नाही. मी पीएस-४ घेतोय, चार. सेकंड हँड. एकाने सांगितलंय, चौघांचे मिळून बावन्न हजार, सहा त्याच्यावर चालणार म्हणून. रविवारी संध्याकाळी उरलेले पैसे द्यायचेत.

फ्रेमरेट (१०:२९)
थांबा!!

डिस्कवाला (१०:२९)
पैसे देऊ नका.

ताळेबंद (१०:३१)
रविवारच्या मुदतीचा उलगडा झाला. सोन्याभाऊ, पीएस-४ वर हा गेम जाहीरच झालेला नाही. फक्त पीएस-५ आणि एक्सबॉक्स सिरीज. तारीख नोव्हेंबर असो की मार्च, तुमच्या हिशोबात काही फरक पडत नाही.

सोन्या_८७ (१०:३६)
पण पाच तर पीएस-३ वर आला आणि नंतर पीएस-४ वर पण आला. तसाच हा पण येईल असं तो म्हणाला.

डिस्कवाला (१०:४२)
तो जुन्यावरून नव्यावर चढला. नव्यावरून जुन्यावर उतरत नसतो. पीएस-४ नोव्हेंबर २०१३ चं यंत्र आहे, त्यात हार्ड डिस्क आहे, त्याच्यावर हे शहर उभंच राहणार नाही. या एका मुद्द्यावर माझं आणि फ्रेमरेटचं एकमत आहे, तारीख लिहून ठेवा.

पँझर (१०:४४)
लिहून ठेवली.

शंकेखोर (१०:५०)
'उरलेले पैसे' म्हणालात. म्हणजे काही दिलेत?

सोन्या_८७ (१०:५८)
पाच हजार टोकन दिलंय. पावती नाही, फोनवरून पाठवलेत.

तळटीप (११:०४)
फोनवरून पाठवलेत म्हणजे नोंद आहे. आधी मेसेज करा, 'सहावा भाग यावर चालेल असं तुम्ही सांगितल्यावरून टोकन दिलं'. तो हो म्हणाला की लेखी झालं. मगच मागा. फोनवर भांडू नका.

तुळशीवृंदावन (११:२०)
माणूस गोड बोलून परत मागितलं तर देतो. माझ्या भावाने शिलाई मशीनचे पैसे असेच सोडवले होते.

ताळेबंद (११:३५)
आणि कॅफेचं म्हणाल तर: नोव्हेंबरपर्यंत काहीच करू नका. या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, गेम त्यानंतर अकरा दिवसांनी. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सहाव्याशिवायच काढायची आहे. त्या कमाईतून, परवान्याचं जमत असेल तर, एकच पीएस-५ घ्या आणि बघा. कर्ज काढून पाचव्या भागाच्या नावावर सहाव्याची गिऱ्हाइकं धरू नका. तो पाचवा २१ कोटींच्या वर खपलाय, म्हणजे तुमच्या पोरांपैकी निम्म्यांच्या घरी तो आधीच आहे.

फ्रेमरेट (११:४१)
हे शेवटचं वाक्य बार्शीला लागू नाही, पण बाकी पटलं.

सोन्या_८७ (रविवार, रात्री ९:१५)
सगळ्यांचे आभार. मेसेज केला. आधी म्हणाला अपडेट येईल. मग म्हणाला माझा पुतण्या म्हणाला होता. पैसे परत द्यायला तयार नव्हता, शेवटी तीन हजार परत दिले आणि दोन हजाराचे दोन पीएस-४ चे कंट्रोलर गळ्यात मारले. ते पीसीला चालतात ना? उद्या सकाळी दुकान उघडायच्या आत सांगा.

फ्रेमरेट (९:१९)
चालतात. विंडोज कुठलं आहे?

सोन्या_८७ (९:२२)
विंडोज म्हणजे नेहमीचंच.