मुलाला दमा, बाबाच्या घरी सिगारेटचा धूर: भेटीच्या आदेशात अट घालून मिळते का?

आम्ही पुण्यात असतो. परस्पर संमतीने घटस्फोट झालाय, 6 वर्षांच्या मुलाचा ताबा माझ्याकडे. शनिवार-रविवार तो वडिलांकडे. त्याला दमा आहे. रविवारी परत आला की स्वेटरला, केसांनासुद्धा सिगारेटचा वास, आणि रात्री पंप द्यावाच लागतो. वडिलांशी दोनदा बोलले. 'बाल्कनीतच ओढतो' म्हणतात. बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी पाठवली, उत्तर नाही. भेटी मला बंद करायच्या नाहीत, पोराचा बाबावर फार जीव आहे.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या (1956) कलम 13 नुसार मुलाचं हित सर्वांत आधी, एवढं वाचलंय. त्या आधारे 'मूल असताना घरात, गाडीत धूम्रपान नको' अशी अट कुटुंब न्यायालयातून कुणी घालून घेतली आहे का? पुराव्याला डॉक्टरांचं पत्र पुरतं, की आणखी काही लागतं?