पारच्या शिवकालीन पुलाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, प्रतापगडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ कोयनेवर जुना दगडी पूल आहे. सगळे त्याला शिवकालीन म्हणतात आणि परिसर पाहता ते पटतंही: गड १६५६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला, १६५९ मध्ये अफजलखानाची छावणी याच पारला पडली, आणि पार घाटाची वाट कोकणात उतरणारी. पण मला परंपरा नको, कागद हवा आहे.

पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या वरच्या अंगाला होडीच्या नाळेसारखं (पुढच्या निमुळत्या टोकासारखं) टोक काढलंय, त्यामुळे पावसाळ्यातला लोंढा फुटून कमानींखालून जातो. अशी घडण आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या सतराव्या शतकातल्या पुलात कुणी पाहिली आहे का?

दुसरं म्हणजे, पुण्याच्या पेशवे दफ्तरात या पुलाच्या डागडुजीचा किंवा जकातीचा मोडी कागद कुणाच्या नजरेखालून गेलाय का? रुमाल (दफ्तरातलं कागदांचं गाठोडं) क्रमांक मिळाला तरी पुरे, मोडी मी वाचून घेईन. १८८५ चं सातारा गॅझेटियर सुचवू नका, मला त्याच्याही आधीचं हवंय. आणि कृपया व्हॉट्सॲपवर फिरणारे फॉरवर्ड नकोत!