मदत हवी आहे: दमट उकाड्यात फिरायला कपडे नेमके कोणते घ्यावेत?

चिकचिक
शनिवारी निघायचंय आणि बॅग अजून रिकामी. जिथे जायचंय तिथे भयंकर दमट आहे, दिवसभर बाहेर राहायचंय. "सुती कपडे घ्या" हे सगळीकडे वाचून झालंय, कृपया तेच सांगू नका. मागच्या वेळी सुतीच होते. सकाळी अंगाला चिकटले ते रात्रीपर्यंत, धुतले तर दुसऱ्या दिवशीही ओलेच. कापड कोणतं, किती जोड, पँट कशी, एवढंच सांगा. खरेदीला फक्त उद्याचा दिवस आहे.

सूत_एके_सूत
सांगू नका म्हणालात तरी सांगणार, कारण याला दुसरं उत्तरच नाही. ढगळ सुती शर्ट, सैल सुती पँट आणि आत सुती बनियन. बनियन घाम टिपतो, शर्ट कोरडा राहतो. आमचा आयुष्यभराचा अनुभव आहे. तुमचे कपडे बहुधा भेसळीचे असणार, लेबल बघा.

डोंगरदऱ्या
ड्राय-फिटचे, म्हणजे लवकर वाळणाऱ्या पॉलिएस्टरचे, तीन टी-शर्ट, एक नायलॉनची ट्रेकिंग पँट. विषय संपला. रात्री धुवायचे, पिळायचे, सकाळी घालायचे. दमट हवेत सुती घालणं म्हणजे ओलं पोतं पांघरून फिरणं.

सूत_एके_सूत
आणि त्या प्लॅस्टिकचा वास? दुपारनंतर शेजारी कोणी उभं राहत नाही, त्याचं काय?

डोंगरदऱ्या
काका, आंघोळ केली की नाही येत वास.

कारणकाय
भांडण नंतर करा. चिकचिक, आधी माहिती द्या. किती दिवस? धुवायची सोय आहे का? खोलीला एसी की पंखा? आणि "सुती" म्हणजे काय, टी-शर्टचं होजिअरी कापड की शर्टाचं?

चिकचिक
आठवडाभर. बेसिनमध्ये धुता येईल. एसी आहे. सुती म्हणजे सुती हो, टी-शर्ट आणि जीन्स. हे सगळं कशाला लागतं?

कारणकाय
जीन्स! हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं. जाड जीन्सचं कापड चौरस यार्डाला १४ औंसाचं असतं, म्हणजे चौरस मीटरला साधारण ४७५ ग्रॅम. पातळ शर्टाचं कापड १०० ते १२० ग्रॅमच्या आसपास. चौपट कापड नेसून सुताला नावं ठेवताय. ते दमट हवेत रात्रभरात वाळणं शक्यच नाही.

आता मूळ मुद्दा. घाम आल्याने गार वाटत नाही, घाम वाळल्याने वाटतं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता टपकला तर जवळजवळ काहीच नाही, फक्त पाणी आणि मीठ वाया. दमट हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळायला मागत नाही. त्यामुळे कुठलंही कापड घाला, घाम येणारच आणि कपडा ओला होणारच. ओला झाल्यावर तो अंगापासून सुटा राहतो का, आत वारा खेळतो का आणि लवकर वाळतो का, एवढंच आपल्या हातात आहे. बनियनवर शर्ट म्हणजे दोन थर, वारा आणखी अडला.

सूत_एके_सूत
बनियनला काही बोलायचं नाही.

अनाहूत
रंगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पांढरं घाला, काळं टाळा, हे सगळे सांगतात. पण १९८० साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात वाळवंटातल्या बेदुइन भटक्यांच्या काळ्या झग्यांवर एक अभ्यास आला होता. काळा झगा ऊन जास्त शोषतो, पण झगा सैल असेल तर ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आत वाऱ्याने निघून जाते. काळा आणि पांढरा घातलेल्या माणसांना मिळालेली उष्णता सारखीच निघाली. तेव्हा काळे कपडे बिनधास्त घ्या.

कारणकाय
अभ्यास खरा आहे, निष्कर्ष तुमचा आहे. ते वाळवंट होतं. कोरडी हवा, वारा, पायघोळ झगा. काळा तंग टी-शर्ट घालून दमट गल्लीत फिरणाऱ्याला तो लागू नाही. त्यातून घ्यायचंच तर सैलपणा घ्या.

अनाहूत
सैलच म्हणत होतो मी.

टाकाटिपे
कपडे शिवते, त्यामुळे कापडाबद्दल सांगू शकते. दुकानात "प्युअर कॉटन आहे का" एवढंच विचारलं तर उपयोग नाही. तेच सूत मलमलीत असतं, व्हॉइलमध्ये असतं आणि जाड पॉपलिन, ड्रिल, जीन्समध्येही असतं. मलमल आणि व्हॉइलची वीण विरळ, हवा आरपार जाते. पॉपलिन घट्ट, त्यात घाम अडकून बसतो. टी-शर्टचं होजिअरी कापड लवचीक आणि लोंबतं, ओलं झालं की पाठीला चिकटणारच. तुमचा त्रास तिथला आहे.

उद्या दुकानात असं करा. कापड उजेडासमोर धरा. विणीतून प्रकाशाचे बारीक ठिपके दिसले तर चांगलं. मग ओठांशी धरून फुंकर मारा, पलीकडे हाताला वारा लागला पाहिजे. दुकानदार बघेल, बघू दे.

लिनन मिळालं तर पहिली पसंती तीच. धागा ताठ असतो, ओलं झालं तरी अंगापासून जरा सुटं राहतं आणि लवकर वाळतं. चुरगळतं, पण प्रवासात सगळेच चुरगळलेले असतात. सीअरसकर म्हणून चुण्याचुण्यांचं विणलेलं कापड असतं, त्याच्या चुण्यांमुळे कापड कातडीला सलग टेकत नाही आणि इस्त्रीची कटकट नाही. पातळ शर्ट त्यात दिसला तर सोडू नका.

व्हिस्कोस, रेयॉन हाताला गार आणि मऊ लागतात म्हणून लोक फसतात. घाम भरपूर पितात, मग जड होऊन लोंबतात, आणि ओले असताना कमजोर असतात, जोरात पिळले की बिघडतात. "बांबूचं कापड" म्हणून जे विकतात तेही बहुतेक व्हिस्कोसच असतं. सूत उलट, ओलं झालं की जास्त मजबूत.

डोंगरदऱ्या
सगळं मान्य, पण वाळायचं काय? कापूस नेहमीच्या हवेतही स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही.

टाकाटिपे
म्हणूनच पातळ म्हटलं. मलमलीचा शर्ट रात्रभरात वाळतो. आणि पॉलिएस्टर घामाचं पाणी धरत नाही, पण अंगाचं तेल धरून ठेवतं, वास तिथून येतो. काका आंघोळीवरून बोलले नव्हते.

शंभर_ग्रॅम
दोघांचं भांडण मिटवतो: मेरिनो, म्हणजे त्या जातीच्या मेंढीची तलम लोकर. हो, लोकर, उकाड्यात. चौरस मीटरला १५० ग्रॅमच्या आसपासच्या कापडाचा पातळ टी-शर्ट. ओलावा लोकरीइतका कुठलंच नेहमीचं कापड धरत नाही, तरी अंगाला ओलं लागत नाही. वास तर जवळजवळ येतच नाही, दोन-तीन दिवस न धुता घालता येतो. मी दोनच घेऊन फिरतो.

सूत_एके_सूत
उकाड्यात लोकर. बरं.

कारणकाय
वासाबद्दल बरोबर आहे. पण चिकचिक यांना वासाचा त्रासच नाहीये, चिकटण्याचा आहे. शिवाय मेरिनो महाग, पॉलिएस्टरपेक्षा सावकाश वाळतं आणि एका दिवसात शोधून मिळेल याची खात्री नाही.

चिकचिक
लोकर नको. लिनन, व्हॉइल कळलं, धन्यवाद टाकाटिपे. पँटचं कोणीच सांगितलं नाही. आणि सूत काका, मी बनियन घालत नाही, मी बाई आहे.

सूत_एके_सूत
हे धाग्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग बनियन राहू द्या. बाकी सल्ला तोच.

डोंगरदऱ्या
बायकांच्या ट्रेकिंग पँटला खिसे नीट नसतात. पुरुषांची लहान मापाची घ्या.

टाकाटिपे
पुरुषांची पँट कमरेत बसली तर नितंबात बसत नाही, दरी काका. चिकचिक, मांड्यांना घासतं का? घासत असेल तर पँटचं उत्तर वेगळं.

चिकचिक
हो, तोच तर मुख्य त्रास आहे. मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी चालवत नव्हतं. पुरळही आलं होतं. हे असं लिहावं असं वाटलं नाही.

टाकाटिपे
अगं, मग आधी हेच सांगायचं ना! इथे लोक बेदुइनांपर्यंत पोचले.

ऐक. जीन्स पूर्ण बंद, तिची मांडीतली जाड शिवणच घासते. सैल, रुंद पायांची पातळ पँट घे, लिनन किंवा लिनन-सुती मिश्र. मांडीतली शिवण हाताने चाचपून बघ, दुहेरी जाड नको. आत गुडघ्याच्या वर येणारी पातळ, गुळगुळीत, अंगाबरोबरची शॉर्ट घाल, सायकल चालवताना घालतात तशी, पण पॅड नसलेली. ही एकच गोष्ट मी सुती घे म्हणणार नाही, नायलॉन-लायक्राची घे. इथे घाम टिपण्यापेक्षा कातडीला कातडी न लागणं महत्त्वाचं. दोन-तीन हव्यात, रोज धुतलेली. अंतर्वस्त्रं जास्तीची घे, बाहेरचे कपडे कमी असले तरी चालतात. ब्रा फोमची नको, फोम वाळतच नाही.

अनाहूत
टाल्कम पावडर लावा, घासणार नाही.

कारणकाय
थोडा वेळ बरं वाटतं, मग घामात तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. निघण्याआधी मांड्यांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात चांगला. पण पाठीवर, मानेवर घामोळं असेल तिथे जेली, तेल काही लावू नये. घामोळं म्हणजे घामाच्या नळ्या बुजलेल्या, त्यावर चिकट थर दिला की आणखी बुजतात. तिथे गार पाणी, कोरडं अंग आणि सैल कपडे. मागचं पुरळ कसलं होतं? बारीक लाल पुटकुळ्या की कडा असलेले गोल चट्टे?

चिकचिक
जांघेत गोल चट्टे होते. एक मलम लावलं, बरे झाले, परत आले.

कारणकाय
मग ते कपड्याच्या पलीकडचं आहे. गोल, कडेने खाजणारे चट्टे बहुधा बुरशीचे, म्हणजे गजकर्ण. स्टिरॉइड असलेलं मलम लावलं की खाज थांबते, बुरशी आतून पसरते, मग परत येते. जायच्या आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. इथे कोणी मलमाचं नाव सुचवलं तरी घेऊ नका.

अनाहूत
माझ्याकडे एक रामबाण

कारणकाय
नको.

चिकचिक
उद्या सकाळी दाखवते. आता शेवटचं: दोन दिवस कामाच्या बैठका आहेत, बाकी भटकंती. आणि जायचा प्रवास एसी बसचा, रात्रभर. बॅग सात किलोच.

शंभर_ग्रॅम
बैठका! अजून काय काय शिल्लक आहे सांगायचं?

असो. राखाडी आणि फिका निळा घेऊ नका, घामाचे डाग सर्वांत जास्त त्यावर दिसतात. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छापील. बैठकीचा शर्ट घालून चालत जाऊ नका. पिशवीत गुंडाळून न्या, पोचल्यावर तोंड-मान पुसा, दहा मिनिटं गार व्हा, मग बदला. घामाघूम अंगावर कोरडा शर्ट चढवला तर तोही गेला. बसमध्ये पूर्ण बाह्यांचा एक पातळ थर आणि मोजे हवेतच, ओल्या कपड्यांनी एसीत बसलं की हुडहुडी भरते. तिथे माझं मेरिनो कामाला आलं असतं, पण असो.

जोड: वरचे चार, पँट दोन, आतल्या शॉर्ट तीन, अंतर्वस्त्रं पाच. सात किलोत आरामात बसतं.

डोंगरदऱ्या
चार कशाला? दोन रोज धुवायचे. रात्री खिडकीत टाकायचे, वाऱ्याने वाळतात.

कारणकाय
दमट रात्री उघड्या खिडकीत वाळत नाहीत, बाहेरची हवाच भिजलेली असते. खिडकी बंद आणि एसी चालू ठेवा. एसी खोलीतल्या हवेतलं पाणी काढून घेतो. ड्राय मोड असेल तर उत्तम. कपडे एकमेकांना चिकटू न देता हँगरवर, एसीचा झोत लागेल असे.

टाकाटिपे
आणि पिळून झाल्यावर कोरड्या पंच्यात कपडा पसरून सुरळी कर आणि तिच्यावर गुडघा टेकून दाब. अर्धं पाणी पंच्यात जातं. मग टांग. कॉलर आणि पँटचा पट्टा सर्वांत शेवटी वाळतो, पट्टा उलटा करून टांगायचा.

सूत_एके_सूत
पंचा सुती असतो, एवढं नोंदवून ठेवतो.

अनाहूत
चपलांचं काय? मी तर म्हणतो बूट नकोतच, एवढ्या उकाड्यात सँडल

डोंगरदऱ्या
सँडलने टाचा फाटतात. पातळ जाळीचे बूट आणि दोन जोड मोजे.

चिकचिक
चपला आहेत माझ्याकडे, त्या विचारल्या नव्हत्या. यादी केली: लिननचे दोन शर्ट, व्हॉइलचे दोन, रुंद पँट दोन, आतल्या शॉर्ट तीन. उद्या डॉक्टर आणि मग दुकान. नवे कपडे न धुता नेले तर चालतील ना? वेळ नाहीये.

टाकाटिपे
एकदा तरी पाण्यातून काढ. नव्या सुती-लिननवर कांजी किंवा चकाकीचं काहीतरी असतं, ते असेपर्यंत घाम नीट शोषला जात नाही. साधी साबणपूड, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. त्याचा मेणासारखा थर बसतो, मग पाण्याचा थेंब कापडावर टाकला तर मुरत नाही, गोलच राहतो. शॉर्टलाही नको. उद्या रात्री धुतलंस तर शनिवारपर्यंत वाळेल.

चिकचिक
बरं. एसी चालू ठेवून.