खोकडाच्या बिळाचं लोकेशन ग्रुपवर टाकणं बंद व्हायला हवं, तुमचं मत काय?

माळकरी
फेब्रुवारी-मार्च आला की खोकडाच्या (मोठ्या कानांचं, कोल्ह्याहून बारकं जनावर) बिळांच्या लोकेशनच्या पिना व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतात. यंदा आमच्या भागातल्या एका बिळावर (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही) रविवारी सकाळी गाड्यांची रांग लागली होती. पिल्लं बिळाच्या तोंडाशी आणि मादी तोंडात उंदीर धरून लांब तरवडाच्या आड बसलेली, शेपटीचं काळं टोक तेवढं दिसत होतं. ती उठायची, चार पावलं पुढे यायची आणि कुणीतरी गाडीचं दार उघडलं की परत मागे. ऊन चढलं तरी तो उंदीर पिल्लांपर्यंत पोचला नव्हता. त्यात एकाने पिल्लं बाहेर यावीत म्हणून चिकनचे तुकडे टाकले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ काढून बघा, त्यात शिकारीच्या व्याख्येतच आमिष दाखवणं येतं, पक्ष्यांच्या घरट्याला त्रास देणंही येतं. म्हणजे बंदूक नसली तरी ती शिकारच. माझं म्हणणं एवढंच की बीळ, घरटं आणि हॅरियर (हिवाळ्यात माळावर येणारे शिकारी पक्षी) रात्री जिथे गवतात उतरतात ती जागा, या तीन गोष्टींचं लोकेशन कुठल्याच ग्रुपवर टाकायचं नाही. बाकी माळ सगळ्यांचा आहे, फिरा की.

इंदापूरचा_गाईड
माळकरी साहेब गर्दी झाली ते वाईटच, चिकन टाकणाऱ्याला तर तिथल्या तिथे वनरक्षकाच्या ताब्यात द्यायला पाहिजे होतं. पण लपवून ठेवा हे मला पटत नाही. आमच्या तालुक्यात कडबनवाडीला वनखात्याची सफारी चालू आहे, ठरलेला रस्ता, सोबत गावातला गाईड, खाली उतरायचं नाही. लांडगा, खोकड, चिंकारा, वर सापमार गरुड, लोकं बघतात आणि गावात चार पैसे येतात. आम्ही लहान असताना बिळात धूर घालणारी पोरं बघितलीत आणि रात्री बॅटऱ्या मारत सशामागे कुत्री सोडणारे पण बघितलेत. आता तसलं कोण आलं तर गावच आडवं जातं कारण प्राण्याला किंमत आली. तुमची लपवलेली पिन गुपचूप फिरतच राहणार आणि तिथे बघायला ना गाईड ना गार्ड, मग चिकन टाकलं काय आणि पिल्लू हातात घेतलं काय, विचारणार कोण?

शर्वरी_कॅमेरा
गाईडदादांशी सहमत. आणि स्पष्ट बोलते, राग मानू नका. ज्यांच्याकडे पिल्लांचे फोटो आधीच हार्डडिस्कभर आहेत तेच लोक दुसऱ्यांना जाऊ नका सांगतात असं मला सारखं दिसतं. नवीन मुलांनी शिकायचं कुठे? खोकड काय घनदाट जंगलातला प्राणी नाही, ज्वारीच्या रानाच्या बांधावर राहतो, रोज ट्रॅक्टर बघतो, मेंढरं बघतो. त्याला सहाशे एमएमच्या लेन्सने लांबून टिपलं तर काय बिघडतं? उलट आपला माळ सरकारी कागदावर पडीक म्हणून लागलेला आहे. पडीक म्हटलं की कुणी सोलर प्रकल्प आणतं, कुणी चर खणून झाडं लावतं, आणि लोक टाळ्या वाजवतात कारण त्यांना वाटतं तिथे काही नव्हतंच. तिथे काय होतं ते दाखवायला फोटोशिवाय माझ्याकडे दुसरं काय आहे? आमच्या तालुक्यातल्या शाळांत मी फोटो दाखवते तेव्हा मुलांना पहिल्यांदा कळतं की कोल्हा वेगळा आणि हे मोठ्या कानांचं बारकं जनावर वेगळं.

माळकरी
शर्वरीताई, फोटो काढू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही, पडीक जमिनीबद्दल तर शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. पण ट्रॅक्टरचा मुद्दा नाही पटत. धनगर मेंढरं घेऊन बिळाजवळून जातो तेव्हा खोकड फक्त कान फिरवतं, उठतसुद्धा नाही. तोच धनगर थांबला आणि त्याच्याकडे वळला की ते बिळात. जाणारं माणूस आणि टक लावून बघत बसणारं माणूस यातला फरक त्याला बरोबर कळतो. लेन्स सहाशेची असो नाहीतर आठशेची, गाडी तासभर बिळासमोर उभी असेल तर त्याच्या दृष्टीने ते काहीतरी वाट बघत बसलेलं जनावरच आहे. नर मादी दोघं मिळून पिल्लं भरवतात, दोघंही अडकले तर पिल्लं उपाशी.

पशुवैद्य_सोलापूर
एक बाजू राहतेय, कुत्री. गाड्या थांबल्या की डबे उघडतात, उरलेलं खाली पडतं, दोन दिवसांत गावातली कुत्री माळावर. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात वन्यजीव संशोधक अबी तमीम वनक यांनी खोकड आणि कुत्र्यांवर काम केलंय, कुत्रं आसपास असलं की खोकड समोरचं खाणंही टाळतं असं त्यात दिसलं. शिवाय डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. लस न दिलेल्या कुत्र्याकडून तो खोकडात गेला तर आपण काही करू शकत नाही, माळावर जाऊन कोण सलाईन लावणार? आणि जे खोकड माणसाला सरावलं ते कुत्र्यासमोर आणि रस्त्यावरही ढिलं पडतं. म्हणून खायला घालणं हा विषय माझ्यासाठी वादाचाच नाही.

कार्डिफवाला_मराठी
खायला घालणं सरसकट वाईट म्हणता येईल का? मी वेल्समध्ये राहतो, इथे गिग्रिन फार्म म्हणून जागा आहे, रोज दुपारी ठरलेल्या वेळी मांस टाकतात आणि शेकडो लाल घारी उतरतात, फोटोवाल्यांना लपून बसायला खोपी पण बांधल्यायेत. याच घारी एकेकाळी ब्रिटनमध्ये फक्त वेल्समध्ये थोड्या उरल्या होत्या, १९८९ पासून इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये परत आणून सोडल्या. लोकांना बघायला मिळालं म्हणून प्रेम वाढलं. आपल्याकडेही रायगडच्या फणसाड अभयारण्यात गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवतातच ना.

पशुवैद्य_सोलापूर
फणसाडचा हेतूच वेगळा आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली गुरं खाऊन गिधाडं मेली, २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद झालं, म्हणून खात्रीचं मांस एका जागी ठेवायचं. ती खात्री करणारे लोक असतात तिथे. रविवारी आलेल्या माणसाने मसाला लावलेलं चिकन टाकणं आणि हे एका मापात नका घालू.

माळकरी
कार्डिफवाले दादा, तुमच्याच देशातला १९८१ चा कायदा बघा. लाल घार, बहिरी ससाणा, गव्हाणी घुबड अशा पक्ष्यांना घरट्यावर त्रास देणं तिथे गुन्हा आहे, घरट्याजवळचे फोटो काढायला परवाना लागतो. म्हणजे फार्मवर मोकळीक आणि घरट्यावर बंदी, दोन्ही एकाच वेळी. मी तेच मागतोय.

कार्डिफवाला_मराठी
हो, हे बरोबर आहे. घरट्यांचं लोकेशन इथे कुणी उघड बोलतही नाही.

शर्वरी_कॅमेरा
पण तिथे परवाना मागायला ऑफिस आहे आणि ते उत्तर देतं! आपल्याकडे लोकेशन बंद म्हणजे ओळखीच्यांना चालू. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइट बघा, ईबर्डवर संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्राण्यांची पिन अंधुक होते, ती सगळ्यांना सारखीच झाकली जाते, ते मला मान्य आहे. ग्रुप अॅडमिनने ठरवायचं कुणाला सांगायचं हे मला मान्य नाही.

इंदापूरचा_गाईड
ताईंचा हा मुद्दा खरा आहे. हॅरियरचं मात्र मी माळकरींच्या बाजूने बोलतो. मध्य आशियातून येतात बिचारे, दिवसभर टोळ-नाकतोडे खातात आणि सांज झाली की गवतात जमिनीवरच उतरतात एकेक करून. तेव्हा लोकं हेडलाईट लावून गवतात गाड्या घालतात, ते सगळे परत उठतात आणि अंधारात कुठे जाणार? त्याच गवतात चंडोलांची घरटी पण जमिनीवरच, चाकाखाली गेलेली अंडी मी दाखवू शकतो तुम्हाला. आम्ही गाईडांनी ठरवलंय संध्याकाळी त्या बाजूला गाडी न्यायची नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

माळकरी
मग बिळाचंही तसंच करा ना दादा. पिल्लं स्वतः फिरायला लागेपर्यंत तो रस्ता बंद.

इंदापूरचा_गाईड
अख्खा रस्ता बंद केला तर पोटावर पाय येतो, उन्हाळ्याच्या आधी तेवढाच सीझन असतो आमचा. न थांबता पुढून जायचं एवढं करू शकतो. बिळाकडे जी नवीन चाकोरी पडलीय तिच्यावर दगड लावायचे का ते परवा वनरक्षकांना विचारतोय.

माळकरी
दगड लावायला मी येतो, पोरंही आणतो. पण न थांबता हे पाळलं जाईल यावर माझा विश्वास नाही, आणि तोपर्यंत पिना काढा ही मागणी सोडत नाही.

शर्वरी_कॅमेरा
मीही येते दगडांना. बिळाची पिन आमच्या ग्रुपवरून आज काढली, हॅरियरचीही. जागा मात्र कुणी शिकायला म्हणून विचारली तर सोबत घेऊन जाऊन लांबून दाखवणार, ते मी थांबवणार नाही.